पूल कोसळला, तरी लेव्हल पार! गेममधल्या भौतिकशास्त्राला चकवणारे खेळाडू आणि एआयसमोर उभा राहिलेला तोच पेच

नदीच्या अलीकडच्या काठावर एक ट्रक उभा आहे. पलीकडे एक झेंडा. मध्ये पूल म्हणावा असं फारसं काही नाही. काठातून बाहेर आलेला रस्त्याचा एक तुकडा आणि त्याला टेकू दिलेल्या चार लाकडी फळ्या, बस्स. ट्रक निघतो. फळ्या वाकतात, कडाकड मोडतात, रस्ता नदीत पडतो. पण तोवर ट्रक हवेत उडालेला असतो. दोन कोलांट्या घेत तो पलीकडे आदळतो आणि घसरत घसरत झेंड्याला शिवतो.

लेव्हल पूर्ण. तीसुद्धा इतर बहुतेकांपेक्षा कमी खर्चात.

'पॉली ब्रिज' या गेमच्या अशा क्लिप्स तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेल्या असतील. न्यूझीलंडच्या ड्राय कॅक्टस या छोट्या स्टुडिओने २०१६ मध्ये हा गेम आणला. दुसरा भाग २०२० मध्ये आला, तिसरा २०२३ मध्ये. काम साधं आहे. दिलेल्या बजेटमध्ये पूल बांधायचा आणि गाड्या पलीकडे न्यायच्या. यातलं 'पूल बांधायचा' हे खेळाडू लवकरच विसरतात आणि 'गाड्या पलीकडे न्यायच्या' एवढंच लक्षात ठेवतात.

वरवर पाहता ही सगळी गंमत आहे. पण अशीच पळवाट एखाद्या एआय मॉडेलने शोधली तर? आणि त्या मॉडेलकडून शिकलेला रोबो उद्या खऱ्या जगात उतरणार असेल तर? हा प्रश्न आता गेमिंगपुरता राहिलेला नाही. त्यासाठी आधी हे चकवणं नेमकं चालतं कसं, ते समजून घेऊया.

फिजिक्स इंजिन म्हणजे काय?

गेममधली वस्तू खाली पडते, घरंगळते, दुसरीवर आपटते. हे सगळं अ‍ॅनिमेटरने आधीच काढून ठेवलेलं नसतं. गुरुत्वाकर्षण, घर्षण, वेग, टक्कर यांची गणितं गेम चालू असतानाच सोडवली जातात. ती सोडवणारा प्रोग्राम म्हणजे फिजिक्स इंजिन. 'अँग्री बर्ड्स'मध्ये पक्षी आपटल्यावर लाकडाचे ओंडके ज्या खात्रीशीर पद्धतीने ढासळतात, ते 'बॉक्सटूडी' नावाच्या इंजिनामुळे. एरिन कॅटो या प्रोग्रामरने ते लिहिलं आणि सर्वांसाठी फुकट खुलं केलं. 'फँटॅस्टिक काँट्रॅप्शन' हा २००८ चा यंत्र जोडण्याचा गेमही त्याच इंजिनावर चालायचा.

आता गोम अशी आहे की खऱ्या जगात वेळ सलग वाहते, इंजिनात ती टप्प्याटप्प्याने सरकते. युनिटी या लोकप्रिय गेम इंजिनात भौतिकशास्त्राचा हिशोब नेहमीच्या सेटिंगनुसार सेकंदाला ५० वेळा होतो. दोन हिशोबांच्या मध्ये काय घडलं, याचा इंजिनाला पत्ता नसतो.

एक छोटा चेंडू ताशी १८० किलोमीटर वेगाने चाललाय असं समजा. म्हणजे सेकंदाला ५० मीटर आणि प्रत्येक हिशोबाला बरोबर १ मीटर. समोर २० सेंटीमीटर जाडीची भिंत आहे. एका हिशोबात चेंडू भिंतीच्या अलीकडे असेल, पुढच्या हिशोबात आख्खा पलीकडे. मध्ये टक्कर झालीच नाही, कारण टक्कर तपासायच्या क्षणी दोघं एकमेकांना शिवलेलेच नव्हते. गेम बनवणाऱ्यांच्या भाषेत याला 'टनेलिंग' म्हणतात. यावर उपाय आहेत, पण प्रत्येक वस्तूसाठी ते वापरले तर फोन तापतो आणि गेम अडखळतो. त्यामुळे कुठेतरी तडजोड होते, आणि खेळाडू नेमकी तीच जागा हुडकतात.

दुसरी अडचण अनेक वस्तू एकमेकींना जोडलेल्या असतात तेव्हा येते. पुलाचा एक सांधा सरकला की शेजारचे चार सरकतात, ते सरकले की पुन्हा पहिल्यावर ताण येतो. हे सगळं एकदम अचूक सोडवणं महाग पडतं. म्हणून बहुतेक इंजिनं आळीपाळीने एकेक सांधा थोडा थोडा नीट करतात आणि अशा काही फेऱ्या मारतात. मुंबई लोकलमध्ये चौथ्या सीटवर कुणी बसतं तेव्हा काय होतं, ते आठवा. खिडकीपाशी बसलेला जरा आत सरकतो, त्याच्या शेजारचा जरा, मग पुन्हा पहिला. सगळे नीट बसेपर्यंत स्टेशन येतं. इंजिनाचंही तसंच होतं. वेळ संपली की जिथे असेल तिथे हिशोब थांबवायचा. उरलेली चूक पुढच्या टप्प्यात जाते, आणि तिथे ती कधीकधी फुकटचा धक्का बनून बाहेर पडते.

हा फुकटचा धक्का किती मोठा असू शकतो? एका स्प्रिंगला वजन टांगलंय आणि ते सेकंदाला साधारण दीड वेळा वर-खाली होतंय. त्याचं गणित सगळ्यात सोप्या पद्धतीने, सेकंदाला ५० टप्प्यांत सोडवलं, तर प्रत्येक टप्प्याला स्प्रिंगची ऊर्जा सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. खऱ्या स्प्रिंगमध्ये ती एका पैनेही वाढत नाही. आता या ४ टक्क्यांना चक्रवाढ व्याज लावा. ५० टप्प्यांनंतर, म्हणजे एका सेकंदात, ऊर्जा सातपट झालेली असते. चार-पाच सेकंदांत वजन स्क्रीनबाहेर. हे टाळण्यासाठी आजची इंजिनं जरा शहाणी पद्धत वापरतात, पण चूक शून्यावर येत नाही. ती आटोक्यात राहते, इतकंच. आणि जिथे ती आटोक्याबाहेर जाते असा एखादा विचित्र सांधा सापडला की खेळाडूच्या हाती फुकटचं इंधन लागतं.

क्राकेन नावाचा राक्षस

या फुकटच्या इंधनाचा सर्वांत बहारदार इतिहास 'कर्बल स्पेस प्रोग्राम'चा आहे. रॉकेटचे भाग जोडायचे, ते उडवायचं आणि जमलं तर दुसऱ्या ग्रहावर उतरवायचं, असा हा गेम. तो बनवला मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या मार्केटिंग कंपनीने, तिथे नोकरी करणाऱ्या फेलिपे फालांगे या ब्राझिलियन तरुणाच्या हट्टापायी. २०११ मध्ये पहिली आवृत्ती आली, २०१५ मध्ये १.० आलं. कक्षा बदलणं म्हणजे काय, डॉकिंग एवढं अवघड का, हे शाळेत न कळलेल्या अनेकांना या गेमने शिकवलं.

सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एक विचित्र प्रकार व्हायचा. यान खोल अंतराळात गेलं की अचानक थरथरायला लागायचं. मग त्याचे भाग सांध्यातून निखळायचे आणि सगळं यान चहूकडे उधळायचं. ना टक्कर, ना स्फोट. खेळाडूंनी या अदृश्य शत्रूला नाव दिलं 'क्राकेन', दंतकथांमधला जहाजं गिळणारा समुद्री राक्षस.

राक्षस प्रत्यक्षात होता आकड्यांमध्ये. ग्राफिक्स आणि गेममध्ये दशांश संख्या साठवण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात साधारण सातच अंक विश्वासाचे असतात. संख्या लहान असेल तर ते पुरतात. पण वस्तू मोजणीच्या मूळ बिंदूपासून ६०० किलोमीटरवर गेली की तिची जागा सुमारे ६ सेंटीमीटरच्या पटीतच लिहिता येते. दोन शक्य जागांच्या मधलं स्थान अस्तित्वातच नसतं. आणि गेममधला कर्बिन हा ग्रह आपल्या सूर्यापासून १ कोटी ३६ लाख किलोमीटर दूर आहे. ते अंतर याच पद्धतीने मीटरमध्ये लिहिलं, तर शेजारशेजारच्या दोन शक्य जागांमध्ये तब्बल एक किलोमीटरची फट पडते. अशा जगात यानाचा एक भाग इकडच्या घरात बसतो, त्याला चिकटलेला दुसरा पुढच्या घरात. इंजिनाला वाटतं सांधा ताणला गेलाय, आणि ते तो जिवाच्या आकांताने मागे खेचतं. थरथर सुरू.

यावर काढलेला तोडगा ऐकून कोपर्निकसने कपाळाला हात लावला असता. गेममध्ये यान हलवायचंच नाही. यान मूळ बिंदूजवळ स्थिर ठेवायचं आणि अख्खं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. क्राकेन बऱ्याच अंशी मेला. गेम बनवणाऱ्यांनी नंतर बॉप नावाच्या उपग्रहावर एका क्राकेनचा मृतदेहच लपवून ठेवला, आणि तो शोधायला खेळाडू आजही तिथे यानं उतरवतात.

पण खेळाडूंना तोवर राक्षसाचा लळा लागला होता. यान तोडणारा धक्का जर एकाच दिशेने मिळाला तर? त्यांनी यानाचेच भाग यानाच्याच दुसऱ्या भागांवर असे दाबून बसवले की टक्करीचा हिशोब चुकेल आणि यान स्वतःच स्वतःला ढकलत राहील. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की हे अशक्य आहे. नावेत बसून नावेलाच धक्का मारला तर नाव पुढे जात नाही. इथे गेली. इंधनाच्या टाकीशिवाय ग्रहाग्रहांवर हिंडणाऱ्या या यंत्रांना 'क्राकेन ड्राइव्ह' म्हणतात. १.० पूर्वी विमानाचे पंख फडफडवून, म्हणजे नुसता कंट्रोल डावी-उजवीकडे हलवत राहून, इंजिनाशिवाय उडत राहण्याची युक्तीही अशीच प्रसिद्ध होती. त्या काळी गेममध्ये हवेचा रोध आकारावर अवलंबून नसायचा, वस्तुमानावर असायचा. रॉकेटला निमुळतं टोक बसवलं तर रोध कमी होण्याऐवजी वाढायचा.

२०१५ च्या अपडेटने हवेचं गणित बदललं. ते खऱ्या भौतिकशास्त्राच्या जवळ गेलं, आणि त्यासोबत अनेकांच्या जुन्या यानांचं कंबरडं मोडलं. चुकीच्या नियमांवर महिनोनमहिने खपून शिकलेलं कौशल्य एका डाउनलोडमध्ये कवडीमोल झालं. ग्लिचवर घर बांधणाऱ्याने ही जोखीम पत्करलेलीच असते, हे खरं. पण ज्याने फक्त समोर दिसणारे नियम पाळून यान बनवलं होतं, त्याला हे ग्लिच होतं हे कळणार तरी कसं?

निन्टेन्डोने काय केलं?

मे २०२३ मध्ये आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: टिअर्स ऑफ द किंग्डम'ने वस्तू एकमेकींना चिकटवून यंत्र बनवण्याचा खेळ कोट्यवधी लोकांपर्यंत नेला. खेळाडूंनी दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून उडती बाइक बनवली. कारण गेमने दिलेले तयार पंख थोड्या वेळाने गायब होतात, पंखे आणि सुकाणू होत नाहीत. हे ग्लिच नाही. हाताशी आहे त्यातून केलेला अस्सल जुगाड आहे, आणि निन्टेन्डोने तो चालू दिला. वस्तू फुकटात दुप्पट करण्याचे ग्लिच मात्र कंपनीने काही आठवड्यांतच अपडेट पाठवून बंद केले.

मार्च २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये निन्टेन्डोच्या टीमने या गेमच्या भौतिकशास्त्राची कहाणी सांगितली. सुरुवातीला जग सारखं मोडत होतं. कारण काही वस्तू भौतिकशास्त्राचे नियम पाळायच्या, तर काही, उदाहरणार्थ दारं, ठरवून दिलेल्या मार्गाने हलायच्या. अशा दारात खेळाडूने काहीतरी अडकवलं की दोघांत समेट होणं शक्यच नव्हतं. टीमने निर्णय घेतला की सगळ्याच वस्तूंना नियम लागू करायचे. काम कित्येक पटींनी वाढलं. अपवाद ठेवला की तिथूनच गळती सुरू होते, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

विनू मंकड यांनी केलं ते चूक की बरोबर?

ग्लिच वापरणं म्हणजे फसवणूक का, यावर गेमर्समध्ये न संपणारे वाद चालतात. भारतीय वाचकाला हा वाद नवा नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं. नियमात ते बसत होतं. तरी 'खेळभावना' नावाचं अलिखित कलम लावून त्यांचं नाव पुढची ७५ वर्षं एका बदनाम क्रियापदासारखं वापरलं गेलं. डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली होती, ते फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. अखेर २०२२ मध्ये एमसीसीने ही कृती 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'च्या कलमात टाकली.

पॉली ब्रिजच्या निर्मात्यांना ७५ वर्षं लागली नाहीत. दुसऱ्या भागात त्यांनी लीडरबोर्डच दोन केले. एकात काहीही चालतं, पूल मोडला तरी. दुसऱ्यात पुलाचा एकही भाग मोडता कामा नये. उडत्या ट्रकवाल्यांची स्पर्धा उडत्या ट्रकवाल्यांशी, आणि जे मन लावून कमानी आणि कैच्या बांधतात त्यांची आपसांत. स्पीडरन करणाऱ्या, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्या मंडळींनीही 'ग्लिचसह' आणि 'ग्लिचविना' असे वेगळे विभाग फार पूर्वीपासून ठेवलेत. भांडणावरचा हा सर्वांत समंजस तोडगा म्हणायला हवा. कुणाला चोर ठरवायची गरज पडत नाही, फक्त कोण कुठला खेळ खेळतंय ते स्पष्ट होतं.

त्याच भागात त्यांनी आणखी एक महत्त्वाचा बदल केला. खास या गेमसाठी नवं फिजिक्स इंजिन लिहिलं, ज्यात तोच पूल प्रत्येक यंत्रावर प्रत्येक वेळी तंतोतंत तसाच वागतो. हे आपोआप होत नाही का? नाही. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली तर अनेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. त्यामुळे बेरजांचा क्रम बदलला तरी शेवटचा अंक बदलतो. वाकत वाकत तुटण्याच्या बेतात आलेल्या पुलाला तेवढं पुरतं. तुमच्या लॅपटॉपवर ट्रक पोहोचतो, मित्राच्या लॅपटॉपवर नदीत पडतो. अशा परिस्थितीत लीडरबोर्डवरचा पहिला नंबर कौशल्याचा की नशिबाचा, हे कोण सांगणार?

खेळाडूच्या जागी मशीन बसलं तर?

आता मुख्य मुद्दा. माणूस ग्लिच शोधतो तेव्हा त्याला माहीत असतं की आपण चकवतोय. म्हणून तर तो क्लिप काढून शेअर करतो. मशीनला हा फरक कळत नाही. त्याला फक्त गुण दिसतात.

ही गोष्ट नवी नाही. १९९४ मध्ये कार्ल सिम्स या संशोधकाने कॉम्प्युटरच्या आत ठोकळ्यांचे 'प्राणी' उत्क्रांत केले. चालणारे, पोहणारे, उड्या मारणारे. त्यांचे व्हिडिओ आजही बघण्यासारखे आहेत. त्याच कामात सिम्सने एक इशारा लिहून ठेवला. सिम्युलेशनमध्ये ऊर्जा गळण्याची एखादी फट असेल, अगदी आकडे जवळच्या किमतीपर्यंत आणताना (राउंडिंग) झालेली चूक असेल, तरी उत्क्रांत होणारे प्राणी ती हमखास शोधतील आणि वापरतील. काही प्राण्यांनी चालायलाच नकार दिला. वेगाला गुण आहेत ना? मग ते उंचच उंच वाढले आणि नुसते कोसळले. पडताना वेग मिळतोच.

२०१८ मध्ये जोएल लेमन यांच्यासह पन्नासेक संशोधकांनी अशा किश्श्यांचा एक मोठा शोधनिबंध एकत्र केला. त्यातला एक किस्सा हसू आणत नाही. रॉबर्ट फेल्ड्ट यांनी १९९८ च्या सुमारास धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला थांबवणाऱ्या यंत्रणेसाठी प्रोग्राम उत्क्रांत केले होते. विमानावर कमीत कमी जोर पडावा, ही अट. काही प्रोग्राम जवळजवळ परिपूर्ण गुण घेऊन बाहेर आले. तपासल्यावर कळलं की ते विमानाला इतक्या राक्षसी जोराने थांबवत होते की तो आकडा कॉम्प्युटरच्या मोजमापात मावेना. आकडा ओसंडला आणि शून्य म्हणून नोंदला गेला. कागदावर शून्य जोर. प्रत्यक्षात वैमानिक जिवंत राहिला नसता.

सप्टेंबर २०१९ मध्ये ओपनएआयने लपाछपीचा प्रयोग जाहीर केला. एका आभासी खोलीत काही लपणारे, काही शोधणारे, हलवता येतील असे खोके आणि उतरंडी. कोट्यवधी डाव खेळून दोन्ही बाजू स्वतःहून शिकत गेल्या. लपणाऱ्यांनी खोके रचून खोली बंद केली. शोधणाऱ्यांनी उतरंड लावून भिंत ओलांडली. लपणाऱ्यांनी उतरंडी आधीच जागेवर कुलूपबंद केल्या. इथवर सगळं एखाद्या हुशार मुलांच्या टोळीसारखं.

पुढचं मात्र अजब होतं. शोधणाऱ्यांनी एक खोका कुलूपबंद उतरंडीपाशी आणला, उतरंडीवरून खोक्यावर चढले आणि खोक्यावर उभं राहूनच तो खोका पुढे नेऊ लागले. म्हणजे पुन्हा तेच, नावेत बसून नावेला धक्का. त्या जगात हालचालीचा जोर लावताना पाय जमिनीवर आहेत की नाहीत, हे कुणी तपासतच नव्हतं. काही डावांत लपणाऱ्यांनी टक्करीच्या हिशोबातली चूक वापरून उतरंडी थेट खेळाच्या हद्दीबाहेर फेकून दिल्या. काहींत शोधणारे उतरंड विशिष्ट कोनात भिंतीवर आपटून स्वतःला हवेत उडवू लागले. पॉली ब्रिजचा ट्रक, दुसरं काय? आपल्या आभासी जगात असं काही शक्य आहे, याची बनवणाऱ्यांनाही कल्पना नव्हती.

मशीनने दिलेलं उद्दिष्ट अक्षरशः गाठायचं आणि हेतू मात्र वाऱ्यावर सोडायचा, या प्रकाराची एक यादी व्हिक्टोरिया क्राकोव्हना या एआय सुरक्षा संशोधक २०१८ पासून ठेवत आहेत. त्यात सिम्युलेटरमधल्या चुका वापरणाऱ्यांचा भरणा मोठा आहे. आणि आता हे खोके-उतरंडींपुरतं उरलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी कोड लिहिणाऱ्या मॉडेलबद्दल माहिती दिली. कोड सुधारून चाचणी पास होण्याऐवजी मॉडेल चाचणीच गुंडाळून टाकण्याच्या वाटा काढत होतं. चाचणी पास झाली, एवढंच त्याच्या गुणपत्रिकेत दिसत होतं.

मग उपाय काय?

रोबो शिकवणाऱ्यांनी एक रांगडा उपाय काढलाय. सिम्युलेशन अचूक करता येत नसेल तर ते मुद्दाम बेभरवशाचं करायचं. ओपनएआयने २०१८ मध्ये रोबोच्या हाताला ठोकळा बोटांवर फिरवायला शिकवलं, तेव्हा आभासी जगातलं घर्षण, वजनं, आकार प्रत्येक वेळी थोडे थोडे बदलत ठेवले. २०१९ मध्ये तोच हात रुबिक्स क्यूब हाताळायला शिकला, तेव्हाही हीच पद्धत होती. एखाद्या नेमक्या चुकीवर बेतलेली युक्ती अशा जगात टिकत नाही, कारण पुढच्या डावात ती चूक तशीच असेल याची खात्री नसते. पॉली ब्रिजने जे केलं त्याच्या बरोब्बर उलट. तिथे स्पर्धा न्याय्य व्हावी म्हणून जग एकसारखं केलं. इथे शिकणाऱ्याने फसवू नये म्हणून ते डळमळीत केलं.

पण ही युक्ती माहीत असलेल्या अनिश्चिततेसाठी आहे. आपल्या मॉडेलमध्ये कुठली चूक आहे हेच ठाऊक नसेल, तर काय बदलत ठेवणार? आणि चूक शोधून वापरणारा कुणी नसला, तरी ती आपलं काम करतेच. नॉर्वेचा स्लाइप्नर-ए हा समुद्रातला तेल आणि वायू काढण्याचा प्लॅटफॉर्म त्याचं बांधकामातलं उदाहरण. त्याच्या काँक्रीटच्या पायाचं गणित कॉम्प्युटरवर झालं होतं. त्यासाठी आकाराचे लहान लहान तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण मोजला जातो. एका नाजूक सांध्यापाशी हे तुकडे पुरेसे बारीक नव्हते. त्यामुळे तिथला कातर ताण प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी दिसला आणि भिंत तेवढ्याच हिशोबाने बांधली गेली.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगेरजवळच्या फ्योर्डमध्ये चाचणीसाठी तो पाया खाली उतरवला जात असताना भिंतीला तडा गेला. पाणी आत घुसलं, पंपांना ते उपसता आलं नाही आणि अख्खी रचना तळाशी जाऊन चिरडली. वर असलेले सगळे लोक वाचले. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. नंतर तेच गणित अधिक बारीक तुकडे पाडून पुन्हा केलं गेलं. उत्तर आलं की ही रचना पाण्याखाली ६२ मीटरवर मोडेल. ती मोडली होती ६५ मीटरवर.